नरहर कुरुंदकर : एका अभ्यासकाची घडण

प्रस्तावना

अभ्यासाचे वेळापत्रक, टिपणे, उजळणी आणि उत्तरलेखन यांचा विचार या पुस्तिकेत अन्यत्र केला आहे. प्रस्तुत घटकात ते नियम थोडे बाजूला ठेवून आपल्याला एका अभ्यासकाचे चरित्र पाहावयाचे आहे. चरित्रनायकाची निवड करताना एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घेतली आहे. आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण मध्येच सुटलेले असते. कोणी दहावीनंतर नोकरीला लागलेले असते, कोणाचे बारावीचे वर्ष वाया गेलेले असते, कोणी संसाराच्या व्यापातून पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा पुस्तक हाती घेतलेले असते. अशा विद्यार्थ्याच्या मनात एक शंका घर करून राहते. वेळेवर ज्याचे शिक्षण झाले नाही, त्याला विद्या खरोखर साध्य होते काय? ही शंका घेऊन नांदेड, लातूर, परभणी किंवा हिंगोली भागातील विद्यार्थ्याला फार दूर जाण्याचे कारण नाही. प्राचार्य नरहर कुरुंदकर यांचे आयुष्य त्याच्या घराजवळच घडलेले आहे.

समीक्षा, सौंदर्यशास्त्र, नाट्यशास्त्र, इतिहास, धर्मचिकित्सा आणि राजकीय विचार अशा अनेक क्षेत्रांत कुरुंदकरांनी अधिकाराने लेखन केले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासातून त्यांचे नाव वगळता येत नाही. महाविद्यालयीन शिक्षणाच्या पहिल्याच उंबरठ्यावर, इंटरच्या परीक्षेत, हेच कुरुंदकर एकाहून अधिक वेळा अनुत्तीर्ण झाले होते. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत कशा खऱ्या असू शकतात, हा या घटकातील मुख्य प्रश्न आहे.

नांदापूर, वसमत आणि हैदराबाद

नरहर अंबादास कुरुंदकर यांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूर या गावी झाला. हे गाव त्या वेळी परभणी जिल्ह्यात होते. १९९९ साली हिंगोली जिल्हा स्वतंत्र झाल्यापासून ते हिंगोलीत मोडते. घराण्याचे मूळ गाव वसमत तालुक्यातील कुरुंदा. त्यावरूनच कुरुंदकर हे आडनाव आले. बालपण वसमतच्या परिसरात गेले.

तो काळ निजामी राजवटीचा होता. हैदराबाद संस्थानात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी प्रजा बहुसंख्य असली, तरी राज्यकारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून उच्च शिक्षण देत असे. एका भारतीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा तो प्रयोग मोठा होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु मराठवाड्यातील खेड्यातून आलेल्या मुलाला त्याचा अर्थ वेगळा लागे. घरात एक भाषा, कचेरीत दुसरी, आणि ज्ञानाच्या मोठ्या ग्रंथांसाठी इंग्रजी अथवा संस्कृत. आज मराठी माध्यमातून शिकून इंग्रजी संदर्भग्रंथांपाशी अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला ही अवस्था परकी वाटणार नाही.

पुढील शिक्षणासाठी कुरुंदकर हैदराबादला गेले आणि सिटी कॉलेजात दाखल झाले. त्यांचे मामा डॉ. नारायण गोविंद नांदापूरकर हे उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. मुक्तेश्वर आणि मोरोपंत या दोन कवींच्या महाभारतांचा तौलनिक अभ्यास त्यांनी केला होता. एकच कथा दोन कवींनी कशी सांगितली, कोठे वाढविली, कोठे गाळली, हे ओळीओळीने ताडून पाहणे म्हणजे संशोधन, अशी या घरातील समजूत. अभ्यासाची सवय उपदेशाने लागत नाही. ती बहुधा कोणाला तरी अभ्यास करताना पाहून लागते. कुरुंदकरांना ती संधी कोवळ्या वयात मिळाली.

ही शांत विद्याभ्यासाची वर्षे मात्र नव्हती. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील मुक्तिसंग्राम तेव्हा ऐन भरात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हा कुरुंदकर अवघे सोळा वर्षांचे होते. विद्यार्थिदशेतच ते या चळवळीत ओढले गेले. समाजवादी विचारांशी आणि राष्ट्र सेवा दलाशी त्यांचा संबंध जडला, तो अखेरपर्यंत टिकला. शाळा-कॉलेजे ओस पडलेली, गावोगाव रझाकारांची दहशत आणि भोवती इतिहास घडत असलेला, अशा काळात वाढलेल्या पिढीला राज्यसंस्था, धर्म आणि लोकशाही हे शब्द क्रमिक पुस्तकातून शिकावे लागले नाहीत. पुढे हैदराबादच्या विमोचनावर कुरुंदकरांनी जे लिहिले, त्यातील प्रश्न याच वयात त्यांच्या मनात रुजले असावेत.

इंटरची परीक्षा

इंटरमीजिएट म्हणजे मॅट्रिकनंतरची आणि बी.ए.पूर्वीची दोन वर्षांची पायरी. आजच्या अकरावी-बारावीशी तिची स्थूलमानाने तुलना करता येईल. या पायरीवर कुरुंदकर अडले. एकदा नापास झाले, पुन्हा नापास झाले. बरोबरीचे विद्यार्थी पुढे निघून गेले.

या घटनेकडे पाहण्याचे दोन सोपे मार्ग आहेत आणि दोन्ही टाळले पाहिजेत. पहिला मार्ग असा की, परीक्षा निरर्थक असतात, मोठी माणसे नापासच होतात, असे म्हणून समाधान मानावयाचे. हे समाधान घातक आहे. नापास होणाऱ्या हजारोंपैकी कुरुंदकर एखादाच निघतो. शिवाय स्वतः कुरुंदकरांनीही परीक्षेकडे कायमची पाठ फिरविली नाही. नोकरी सांभाळून त्यांनी उरलेल्या परीक्षा दिल्या, पदव्या मिळविल्या आणि त्या पदव्यांच्या आधारेच ते महाविद्यालयात प्राध्यापक होऊ शकले. दुसरा मार्ग याच्या उलट आहे. त्यांच्या अपयशाला आळस अथवा बेफिकिरी म्हणून मोकळे व्हावयाचे. परंतु ज्या वर्षांत ते परीक्षेत नापास होत होते, त्या वर्षांत त्यांचे वाचन थांबले नव्हते. ते नेमलेल्या पुस्तकांच्या बाहेर चालले होते, एवढेच.

येथे आपल्याला दोन वेगळ्या कौशल्यांची ओळख होते. एखाद्या विषयाचा शोध घेणे हे एक कौशल्य. ठरलेल्या तीन तासांत, ठरलेल्या मर्यादेत, परीक्षकाला हवे ते नेमके मांडणे हे दुसरे. शोध घेणाऱ्याला प्रश्न वाढवीत न्यावा लागतो, तर परीक्षार्थ्याला तो आवरावा लागतो. पहिले कौशल्य असूनही दुसरे नसल्याने नुकसान होते, हे तरुण कुरुंदकरांच्या उदाहरणावरून दिसते. दुसरे असून पहिले नसल्यास काय होते, हे पाहण्यासाठी आपल्या लातूरकडे पाहता येईल. दयानंद महाविद्यालय १९६१ मध्ये आणि राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० मध्ये सुरू झाले. त्यानंतरच्या काळात बारावीच्या तयारीची एक शिस्तबद्ध पद्धत या शहरात उभी राहिली आणि ती लातूर पॅटर्न या नावाने महाराष्ट्रभर गाजली. वारंवार सराव चाचण्या, चुकांची तत्काळ दुरुस्ती, वेळेचे काटेकोर बंधन ही तिची बलस्थाने. खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांच्या मुलामुलींना तिने वैद्यकीय आणि अभियांत्रिकीची दारे उघडून दिली, हे तिचे श्रेय कोणी नाकारू नये. मात्र परीक्षा संपताच पुस्तकाशी नाते तुटते, अशी खंत त्या पद्धतीतून गेलेले कित्येक विद्यार्थी पुढे बोलून दाखवितात. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याने परीक्षेसाठी लातूरकडून शिकावे आणि विषयासाठी कुरुंदकरांकडून, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

स्वयं-अध्ययन : आपल्या अभ्यासक्रमातील एक प्रश्न निवडा. प्रथम तीस मिनिटांत परीक्षेसारखे त्याचे उत्तर लिहा. नंतर याच प्रश्नातून तुमच्या मनात निर्माण होणारे आणि पुस्तिकेत उत्तर नसलेले तीन उपप्रश्न वहीत नोंदवा.

नांदेडची शाळा आणि पीपल्स कॉलेज

१९५५ च्या सुमारास कुरुंदकर नांदेडला आले आणि प्रतिभा निकेतन या शाळेत शिक्षक झाले. गोदावरीच्या काठचे हे शहर पुढे त्यांची कर्मभूमी ठरले. मुंबई-पुण्याच्या साहित्यव्यवहारापासून नांदेड दूर होते. मोठी ग्रंथालये हाताशी नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. तोवर नांदेडच्या विद्यार्थ्याचे विद्यापीठ हैदराबादलाच होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने १९५० साली नांदेडमध्ये पीपल्स कॉलेज सुरू झाले होते, तोच काय तो उच्च शिक्षणाचा आधार.

शाळेत शिकविणे हे कुरुंदकरांच्या घडणीतील दुर्लक्षित प्रकरण आहे. चरित्रकार सहसा त्यांचे ग्रंथ, व्याख्याने आणि वाद यांच्याकडे घाईने वळतात. परंतु ज्याला रोज चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसमोर उभे राहून अवघड गोष्ट सोपी करून सांगावी लागते, त्याला स्वतःला काय कळलेले नाही हेही रोज कळते. मोठा शब्द वापरून वेळ मारून नेण्याची सोय शाळेच्या वर्गात नसते. कुरुंदकरांच्या गद्याची ओळख ज्यांना आहे, त्यांना एक गोष्ट जाणवली असेल. गुंतागुंतीच्या प्रश्नावरही त्यांचे वाक्य सरळ असते. ते एक विधान करतात, त्यावर येऊ शकणारा आक्षेप स्वतःच घेतात, त्याचे उत्तर देतात आणि मग पुढचे पाऊल टाकतात. ही मांडणी फळा-खडूच्या सोबतीने तयार झालेली आहे, असे मानण्यास जागा आहे.

१९६० नंतरच्या दशकात ते पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक झाले आणि आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत तेथेच प्राचार्य झाले. इंटरच्या परीक्षेत अडलेला तरुण महाविद्यालयाचा प्राचार्य होतो, ही गोष्ट सांगायला रंजक असली, तरी आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती मधली वर्षे. दिवसा नोकरी, घरसंसार, सभा-संमेलने आणि उरलेल्या वेळात वाचन. म्हणजे आपलीच अवस्था.

मूळ ग्रंथाकडे जाण्याची सवय

कुरुंदकरांच्या आरंभीच्या ग्रंथांपैकी एक म्हणजे 'रिचर्डसची कलामीमांसा'. आय. ए. रिचर्डस हे केंब्रिजचे समीक्षक. त्यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एक साधा पण धक्कादायक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना कवितांचे कागद वाटले, पण त्यांवर कवीचे नाव अथवा काळ दिला नाही. वाचा आणि काय वाटते ते लिहून द्या, एवढीच सूचना. आलेली उत्तरे त्यांनी तपासली तेव्हा असे दिसले की, इंग्लंडमधील नामवंत विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही कवितेचा सरळ वाच्यार्थ अनेकदा लागलेला नाही. काहींनी ठरीव भावना कवितेवर लादल्या. काहींनी थोर कवीची रचना सामान्य ठरविली आणि सामान्य रचनेला डोक्यावर घेतले. या प्रयोगावरील त्यांचा ग्रंथ १९२९ साली प्रसिद्ध झाला. नाव काढून घेतले की वाचक उघडा पडतो, हे त्यातून सिद्ध झाले.

नांदेडच्या एका मराठी अभ्यासकाने या इंग्रज समीक्षकावर स्वतंत्र पुस्तक लिहावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. इंग्रजीतील तात्त्विक ग्रंथ मुळातून वाचावयाचा, त्याचा युक्तिवाद आपल्या भाषेत पुन्हा रचावयाचा आणि मग तो कोठे पटत नाही ते सांगावयाचे, असे तिहेरी काम यात होते. याच क्रमाने ते भरताच्या नाट्यशास्त्राकडे गेले. संस्कृत काव्यशास्त्रात रससिद्धांताची चर्चा शतकानुशतके चालली आणि पुढील भाष्यकारांच्या प्रतिभेने मूळ ग्रंथ जणू झाकला गेला. कुरुंदकरांचा आग्रह असा की, प्रथम भरताचा ग्रंथ काय आहे ते पाहावे. तो रंगभूमीवर नाटक उभे करणाऱ्यांसाठीचा ग्रंथ आहे. मंडप, पूर्वरंग, अभिनय, वाद्ये, नृत्य अशा प्रत्यक्ष प्रयोगाच्या चर्चेत रसाची चर्चा येते. तिला तेथून उपटून काढले तर तिचा अर्थ बदलतो. त्यांचे सर्व निष्कर्ष आज मान्य होतीलच असे नाही. परंतु भाष्यावरून मूळ ठरवू नये, मुळावरून भाष्य तपासावे, ही त्यांची दिशा अचूक होती. मार्गदर्शकांतून तयार उत्तरे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला यापेक्षा अधिक काय सांगावयाचे?

मनुस्मृतीच्या बाबतीत ही कसोटी अधिक कठीण होती. कुरुंदकर नास्तिक होते, समतेचे कट्टर पुरस्कर्ते होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उपस्थितीत महाड येथे २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले होते आणि कुरुंदकरांची सहानुभूती निःसंशय दहन करणाऱ्यांकडे होती. जो ग्रंथ आपल्याला त्याज्य वाटतो, तो बारा अध्यायांनिशी बारकाईने कशासाठी वाचावयाचा? कुरुंदकरांनी तो वाचला, त्याच्या समर्थकांचे युक्तिवाद वाचले, ते शक्य तितक्या बळकट रूपात मांडले आणि मग त्यांचे खंडन केले. त्यांच्या व्याख्यानांतून साकारलेले हे विवेचन पुढे ग्रंथरूपाने आले. 'शिवरात्र' या संग्रहात गोळवलकर गुरुजींच्या विचारांची चिकित्सा करतानाही हीच रीत दिसते. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहून चांगले मांडता येत नसेल, तर आपला अभ्यास पुरा झालेला नाही, अशी ही कसोटी आहे. आपल्या परंपरेत तिला पूर्वपक्ष म्हणतात. आज उत्तरपत्रिकांतून आणि त्याहीपेक्षा सार्वजनिक चर्चांतून पूर्वपक्ष जवळजवळ नाहीसा झाला आहे, याचे प्रस्तुत लेखकाला दुःख वाटते.

स्वयं-अध्ययन : ज्या मताशी तुम्ही पूर्णपणे असहमत आहात, असे एखादे मत निवडा. त्या मताचा माणूस वाचून मान डोलावील, अशा रीतीने ते दहा ओळींत लिहा. तुमचे खंडन त्यानंतरच लिहावयाचे आहे.

एका कादंबरीकाराला लिहिलेले पत्र

रणजित देसाई यांची 'श्रीमान योगी' ही छत्रपती शिवाजी महाराजांवरील कादंबरी १९६८ साली प्रसिद्ध झाली. कादंबरीच्या आरंभी कुरुंदकरांचे एक दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून छापलेले आहे. कादंबरीपेक्षा प्रस्तावनेसाठी पुस्तक उघडणारे वाचक मराठीत विरळाच, परंतु या पुस्तकाच्या बाबतीत तसे वाचक आहेत.

अभ्यासकौशल्याच्या दृष्टीने हे पत्र म्हणजे एक खाणच आहे. शिवचरित्राची माहिती प्रत्येक मराठी माणसाला लहानपणापासून असते आणि हीच मोठी अडचण आहे. जे आपल्याला आधीच ठाऊक आहे असे वाटते, त्याचा अभ्यास करणे सर्वांत कठीण. कुरुंदकर या परिचित चरित्राला अपरिचितासारखे सामोरे जातात. कोणती गोष्ट समकालीन कागदपत्रांत आहे, कोणती शंभर-दीडशे वर्षांनंतरच्या बखरीत प्रथम येते, कोणती केवळ लोकांच्या भक्तीतून जन्मली, असे थर ते वेगळे करतात. मग प्रश्न विचारतात. महाराजांच्या लढायांचीच मोजदाद केली, तर त्यांच्याहून अधिक लढाया जिंकणारे सेनानी इतिहासात आहेत. मग त्यांचे वेगळेपण कशात? ते शोधण्यासाठी कुरुंदकर १६८० नंतरच्या काळाकडे वळतात. राजा गेला, पुढे गादीवरचा राजपुत्र मारला गेला, प्रचंड फौजेनिशी औरंगजेब दक्षिणेत तळ देऊन बसला आणि १७०७ साली तेथेच मरण पावला. तरीही सामान्य माणसे लढत राहिली. राजाच्या मृत्यूनंतरही प्रजेला हे राज्य आपले का वाटले, हा प्रश्न विचारला की महसूल, न्याय, वतनदारांवरील नियंत्रण अशा कोरड्या वाटणाऱ्या गोष्टी एकाएकी जिवंत होतात.

येथे प्रश्नाचे स्थान पाहा. कुरुंदकरांनी नवी कागदपत्रे शोधून काढली नव्हती. इतिहाससंशोधकांनी प्रसिद्ध केलेली साधने सर्वांना खुली होती. नवा होता तो प्रश्न. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी वाचनाची एक पद्धत सुचविली. तिच्या पाच पायऱ्यांत धड्यावरून प्रथम नजर फिरविल्यानंतर, प्रत्यक्ष वाचनाच्या आधी, प्रश्न तयार करण्याची पायरी आहे. प्रश्न हाती असला की डोळा उत्तर शोधतो. प्रश्न नसला की ओळींवरून नुसता घसरतो. रात्री जेवणानंतर अर्धा तासच मिळणाऱ्या विद्यार्थ्याने त्यातील पाच मिनिटे प्रश्न लिहिण्यात घालविली, तर ती वाया जात नाहीत.

बोलणे आणि समजणे

कुरुंदकर एकट्याने शिकले, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. पदवीसाठी वर्ग नसला, तरी चर्चेचे वर्तुळ त्यांच्याभोवती नेहमीच असे. प्रा. भालचंद्र महाराज कहाळेकर यांना ते गुरू मानीत. नांदेडमध्ये शिक्षक, लेखक, कार्यकर्ते आणि विद्यार्थी यांच्याबरोबर त्यांच्या दीर्घ बैठकी चालत. 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव यांच्यासारखे मित्र लाभले. साने गुरुजींनी सुरू केलेल्या 'साधना' साप्ताहिकातून त्यांचे लेखन महाराष्ट्रभर पोहोचले. शिवाय गावोगावची व्याख्याने. मराठवाड्यातील लहान गावांतही ते जात आणि समोर प्राध्यापक आहेत की शेतकरी आहेत, याने त्यांच्या विषयाची खोली फारशी बदलत नसे. त्यांची अनेक पुस्तके आधी बोलली गेली आणि मग लिहिली गेली.

वाचलेले दुसऱ्याला सांगणे हा स्मरणाचाही सर्वांत चांगला उपाय आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शिकलेल्याची विस्मृती सुरुवातीला अत्यंत वेगाने होते, नंतर तो वेग मंदावतो, आणि अंतराअंतराने केलेली उजळणी एका बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते, असे त्यांना आढळले. एकच विषय या गावात, मग त्या गावात, वेगळ्या श्रोत्यांसमोर मांडणाऱ्या वक्त्याची अशी उजळणी आपोआप होत असते. आपल्या परंपरेतील श्रवण, मनन आणि निदिध्यासन हा क्रमही हेच सांगतो. आज आपण मात्र पहिल्याच पायरीवर थांबतो.

दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याची खरी उणीव पुस्तकांची नसून श्रोत्याची असते. अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रे थोडी असतात आणि सहाध्यायी दूर राहतात. यावर उपाय घरातच शोधावा लागतो. देगलूर, उदगीर, मुखेड, अहमदपूर, कोणतेही गाव असो, आठवड्यातून एक तास ऐकून घेणारी एक व्यक्ती मिळाली तरी पुरे. ती व्यक्ती शिकलेली नसली तरी चालते. उलट, ज्याला विषयाची काहीच माहिती नाही, तो मध्येच साधा प्रश्न विचारतो आणि आपले अर्धे कळलेले उघडे पडते. कोणीच नसेल तर पुस्तक मिटून रिकाम्या खोलीत मोठ्याने सांगावे. सुरुवातीला संकोच वाटतो, तो आठवडाभरात जातो.

मर्यादा

अभ्यासकाचे चरित्र सांगताना त्याची पूजा करणे कुरुंदकरांना मानवले नसते, म्हणून काही उणिवांचीही नोंद केली पाहिजे. विषयांचा आवाका फार मोठा असल्याने त्यांची काही विधाने आवश्यक पुराव्यापुढे धावतात. व्याख्यानातून आलेल्या लेखनात पुनरुक्ती आहे. संदर्भ, तळटीपा, ग्रंथसूची यांची शिस्त त्यांच्या बहुतेक पुस्तकांत सैल आहे. एखादे वाक्य त्यांनी कोणत्या ग्रंथाच्या आधारे केले, हे शोधताना नंतरच्या संशोधकाची दमछाक होते. स्मरणशक्ती दांडगी असलेल्या माणसाला टिपणांची गरज वाटत नाही, पण त्याच्या वाचकाला ती असते. आपली स्मरणशक्ती तशी दांडगी नसते. म्हणून पुस्तकाचे नाव, लेखक, पृष्ठ आणि वाचल्याची तारीख वहीत लिहिण्याची सवय ही कुरुंदकरांना डावलून लावून घेण्याची सवय आहे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. महाविद्यालयाचा कारभार, सततचा प्रवास, व्याख्याने, लेखन, रात्री उशिरापर्यंतच्या बैठकी असा त्यांचा दिनक्रम होता. एका शरीराने किती सोसावे याचा हिशेब त्यांनी ठेवला नाही. १० फेब्रुवारी १९८२ रोजी कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच त्यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला आणि त्यांचे निधन झाले. वयाची पन्नाशी पूर्ण होण्यास काही महिने उरले होते. भारतीय परंपरेवर आणि नाट्यशास्त्रावर त्यांच्याकडून अजून बरेच लेखन व्हावयाचे होते.

त्यांच्या पश्चात मित्रांनी आणि विद्यार्थ्यांनी विखुरलेले लेख, व्याख्याने, प्रस्तावना आणि पत्रे गोळा करून एकामागून एक संग्रह प्रसिद्ध केले. 'जागर', 'शिवरात्र', 'मागोवा', 'रूपवेध' आणि मराठी कादंबरीच्या वाटचालीचा वेध घेणारे 'धार आणि काठ' हे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ आजही वाचले जातात. ज्या शहरातील विद्यार्थ्यांना पदवीसाठी आधी हैदराबादकडे आणि मग औरंगाबादकडे पाहावे लागत होते, त्या नांदेडला स्वतःचे विद्यापीठ १९९४ साली मिळाले. त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आहे, आणि लातूर, परभणी व हिंगोली जिल्ह्यांतील महाविद्यालयेही त्याच्याच कक्षेत येतात.